पुरातन मोटारगाडीच्या भागांची ओळख

नव्याने संग्रहात आलेल्या जुन्या मोटारगाडीचा प्रत्येक सुटा भाग आणि तिच्यावरील प्रत्येक उपसाधन कोणत्या निर्मात्याचे आहे, कोणत्या काळातील आहे आणि ते मूळ गाडीबरोबरचे आहे की मागाहून बसविलेले आहे, हे पुराव्याने ठरविण्याचे कार्य. गाडीच्या पुनरुद्धारातील ही पहिली पायरी होय. गाडी स्वच्छ करणे, उकलणे, रंग खरवडणे किंवा भाग विकत घेणे या सर्व गोष्टी तिच्यानंतर येतात. हा क्रम उलटल्यास पुष्कळदा न भरून येणारे नुकसान होते. तेलकट काजळीखालचा ओतीव क्रमांक घासून निघतो, मूळ रंगाचा अवशेष नाहीसा होतो आणि निरुपयोगी वाटलेली एखादी कंस-पट्टी भंगारात जाते. तशी पट्टी पुन्हा मिळविण्यास पुढे कित्येक वर्षे लागू शकतात.

वर्गीकरण : जुन्या गाड्यांचे काळानुसार वर्ग पाडण्याची पद्धत देशोदेशी वेगळी आहे. ब्रिटनमधील संस्थांच्या रूढ वर्गीकरणात १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्यांना व्हेटरन, १९०५ ते १९१८ मधील गाड्यांना एडवर्डियन आणि १९१९ ते १९३० मधील गाड्यांना व्हिंटेज म्हणतात. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीसही अँटिक ही संज्ञा लावली जाते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या बिगर-व्यापारी दुचाकी व चारचाकी वाहनास व्हिंटेज मानले जाते. ‘मूळ स्वरूप’ या अटीमुळे भागांची ओळख ही केवळ हौशीची बाब राहिलेली नाही.

महाराष्ट्रातील जुन्या गाड्यांचे मूळ : कोणता भाग शोधावयाचा हे गाडी देशात कोणत्या मार्गाने आली यावर अवलंबून असते. आरंभीच्या गाड्या पूर्ण स्वरूपात आयात होत. संस्थानिक व श्रीमंत ग्राहक बहुधा केवळ सांगाडा व एंजिन एका कंपनीकडून घेत आणि त्यावरील साटा स्वतंत्र साटा-कारखान्याकडून बांधवून घेत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस कंपनी स्वतः साटे बांधीत नसे. जर्मनीतील मेबॅक गाड्यांचे साटेही बाहेरच्या कारखान्यांतून बांधले जात व त्यांत राव्हेन्सबुर्क येथील श्पोन हा कारखाना प्रमुख होता. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांना पाहावयास मिळते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट सांगाड्यावरील चिलखती गाडी आहे. अशा वाहनांत सांगाड्याची व साट्याची ओळख निरनिराळी करावी लागते.

पुढे देशातच जुळणी होऊ लागली. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्ड कंपनीची भारतीय शाखा १९२६ साली स्थापन झाली. उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या अनेक अमेरिकी गाड्यांचे भाग कॅनडातून येत, म्हणून अशा गाडीतील भागावर कॅनडाची खूण आढळल्यास तो परका ठरत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने १९४७ पासून मुंबईत कुर्ला येथे डॉज, डिसोटो व प्लिमथ गाड्या जोडल्या. जकात आयोगाच्या १९५३ मधील शिफारशींनंतर देशात भाग बनविण्याची योजना असलेल्या कंपन्यांनाच वाव राहिला. त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत परदेशी व देशी भाग एकत्र आढळणे स्वाभाविक आहे.

ओळखपट्टी व क्रमांक : तपासणी नेहमी सांगाडा-क्रमांक, एंजिन-क्रमांक व ओळखपट्टी यांपासून सुरू करतात. सांगाडा-क्रमांक बहुधा पोलादी तुळईवर ठोकलेला असतो, एंजिन-क्रमांक सिलिंडर-ठोकळ्याच्या सपाट भागावर असतो, तर पट्टी एंजिनकक्षाच्या मागील पडद्यावर रिबिटांनी बसविलेली असते. साट्याच्या कारखान्याची लहान पट्टी पुष्कळदा दाराच्या उंबऱ्यावर आढळते. क्रमांकावर कागद धरून त्यावर पेन्सिल घासून ठसा घेण्याची परिवहन कार्यालयांतील रूढ पद्धत येथेही उत्तम ठरते, कारण तीत धातूला इजा होत नाही. ठशातील अंकांची उंची असमान असणे, अंकाभोवती घासल्याच्या रेषा दिसणे किंवा पट्टीच्या रिबिटांऐवजी नवे स्क्रू आढळणे ही क्रमांक बदलल्याची चिन्हे असू शकतात. पट्टी एका गाडीवरून दुसरीवर सहज नेता येते. म्हणून केवळ पट्टीवरून ओळख निश्चित करू नये, तर सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक व नोंदणी पुस्तकातील नोंद यांच्याशी तिचा मेळ पाहावा.

ओतीव क्रमांक व भाग-क्रमांक : बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमाच्या भागावर उठावाने आलेला क्रमांक हा साच्याचा क्रमांक असतो. तो कंपनीच्या सूचीतील भाग-क्रमांकाशी जुळेलच असे नाही. एकाच ओतीव तुकड्यावर निरनिराळे यंत्रण करून दोन वेगळे भाग तयार होऊ शकतात. शेव्हरोलेच्या ओतीव भागांवर दिनांकाचे सांकेतिक लेखन आढळते. त्यात पहिले अक्षर महिना दाखविते (‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘एल’ म्हणजे डिसेंबर), पुढील अंक दिवस दाखवितात व अखेरचा अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो. भागाचा दिनांक गाडीच्या जुळणीपूर्वीचा असला पाहिजे. तो नंतरचा असल्यास भाग बदललेला आहे हे उघड होते.

फोर्डच्या युद्धपूर्व भाग-क्रमांकांची रचना विशेष उपयुक्त आहे. त्यांतील मधला अंकसमूह भागाचा प्रकार सांगतो. उदा., ९५१० म्हणजे कार्ब्युरेटर व ६०४९ म्हणजे सिलिंडर-शीर्ष. त्याआधीचा संकेत हा भाग प्रथम कोणत्या नमुन्यासाठी आखला गेला ते दर्शवितो. १९२८ ते १९३१ मधील ‘ए’ नमुन्यास ‘ए’, १९३२ च्या आठ सिलिंडरी गाडीस १८ व १९३६ च्या गाडीस ६८ असे हे संकेत आहेत. जुना भाग पुढील वर्षांच्या गाड्यांतही चालू ठेवला जात असल्याने १९३६ च्या गाडीत १८ या संकेताचा भाग मूळचा असू शकतो. याच्या उलट मात्र शक्य नसते.

एकस्वाच्या खुणांवरूनही कालमर्यादा ठरते. ब्रिटिश एकस्वांचे क्रमांक पूर्वी दरवर्षी नव्याने सुरू होत. १९१६ पासून १,००,००१ या क्रमांकाने सलग मालिका सुरू झाली. म्हणून भागावर त्याहून मोठा ब्रिटिश क्रमांक असल्यास तो १९१६ पूर्वीचा असू शकत नाही. जर्मन भागांवरील ‘डीआरपी’ ही अक्षरे १९४५ पर्यंतच्या जर्मन एकस्वाची निदर्शक आहेत. त्याचप्रमाणे भारतीय कंपनीच्या स्थापनेचे वर्षही उपयोगी पडते. बंगळूर येथील मायको कंपनी १९५१ मध्ये व मद्रासची लूकास-टीव्हीएस १९६१ मध्ये स्थापन झाली. त्यांची नावे असलेला भाग त्या वर्षांपूर्वीच्या गाडीत मूळचा असणे शक्य नाही.

आटे, धातू व मुलामा : ज्या भागावर कोणतीही खूण नाही त्याची ओळख आट्यांवरून पटू शकते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ व ब्रिटिश सूक्ष्म आटे, अमेरिकी गाड्यांत इंचावर आधारित अमेरिकी आटे, तर इटालियन, फ्रेंच व जर्मन गाड्यांत मेट्रिक आटे असतात. मॉरिसच्या अनेक एंजिनांत आटे मेट्रिक, पण बोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची असतात. कारण ज्या कारखान्यातून ही एंजिने निघत तो मूळ फ्रेंच हॉचकिस कंपनीचा होता. ही बाब लक्षात न घेता इंची बोल्ट बळाने बसविल्यास ठोकळ्यातील आटे निकामी होतात. त्यामुळे व्हर्नियर मापक आणि आटेमापक ही ओळखीची प्राथमिक साधने ठरतात.

मुलाम्याचा रंगही काळ सुचवितो. पहिल्या महायुद्धापूर्वी दिवे व शीतकाचे वेष्टन बहुधा उघड्या पितळेचे असे. त्यानंतर निकेलचा किंचित पिवळसर मुलामा व १९३० च्या सुमारापासून निळसर झाक असलेला क्रोमियमाचा मुलामा रूढ झाला. निकेलचा मुलामा असलेल्या भागावर सरसकट क्रोमियम चढविणे ही पुनरुद्धारातील नेहमीची चूक आहे. दाराच्या मुठी व बोधचिन्हे पुढे जस्ताच्या मिश्रधातूत ओतली जाऊ लागली. त्यांवर लोहचुंबक चिकटत नाही व जुनी झाल्यावर त्यांच्या पृष्ठावर बारीक फोड येतात.

विद्युत् साधने व मापके : लूकास कंपनीच्या जनित्रावर, आरंभकावर (यास कारागीर ‘सेल्फ’ म्हणतात) व नियंत्रक पेटीवर नमुन्याचे नाव, भाग-क्रमांक आणि महिना व वर्ष ठोकलेले असते. अशा तीन-चार साधनांचे दिनांक एकमेकांच्या जवळ असून गाडीच्या जुळणीच्या थोडे आधीचे असतील, तर संच मूळचा असण्याची शक्यता मोठी असते. एसयू कार्ब्युरेटरच्या तरंडकक्षाच्या झाकणावर स्क्रूखाली एक लहान धातुपट्टी असते. कार्ब्युरेटर कोणत्या गाडीसाठी जुळविला आहे हे तिच्यावरील क्रमांकाने कळते. स्वच्छतेच्या वेळी सर्वांत आधी हरवणारी वस्तूही हीच होय. विद्युत् घट जोडण्यापूर्वी व्होल्टता व भूयोजन तपासणे आवश्यक असते. १९५५ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत सहा व्होल्टची योजना आहे, तर अनेक ब्रिटिश गाड्यांत घटाचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते.

स्मिथ्स कंपनीच्या गतिमापकाच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत एक संकेत व त्याबरोबर १६०० यासारखी संख्या असते. एक मैल अंतरात मापकाच्या तारेचे किती फेरे व्हावेत हे ती सांगते. याची पडताळणी सोपी आहे. तार मापकापासून सोडवून गाडी सरळ रेषेत ५२.८ फूट, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग (सुमारे १६.१ मी.) ढकलतात व तारेच्या टोकाचे फेरे मोजतात. १६ फेरे झाल्यास १६०० चे मापक त्या गाडीचे ठरते. लक्षणीय फरक पडल्यास मापक, मागील आसाचे दंतचक्र किंवा चाकांचे माप यांपैकी काहीतरी बदलले आहे असे समजावे.

उपसाधने : कारखान्याने गाडीबरोबर दिलेली, विक्रेत्याने विकताना बसविलेली व मालकाने पुढे घेतलेली असे उपसाधनांचे तीन प्रकार पडतात. कार्बाइडवर चालणारे ॲसिटिलिनचे दिवे, रबरी फुग्याचे भोंगे, शीतकाच्या झाकणावर बसणारा बॉइस तापमापक, पायफळीवरील सामानाचा कठडा, खांबातून बाहेर येणारे दिशादर्शक हात, शोधदीप व बॉनेटवरील शुभचिन्हे ही नेहमी आढळणारी उपसाधने होत. रोल्स-रॉइसच्या शीतकावरील स्त्रीमूर्ती चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने १९११ साली घडविली. त्यामुळे त्यापूर्वीच्या गाडीवर ती असल्यास मागाहून बसविलेली समजावी. शुभचिन्हांच्या नकला विपुल आहेत. नकलेत कडा बोथट असतात व ओतकामात आकुंचन झाल्याने मापे मूळ नमुन्यापेक्षा किंचित कमी भरतात.

काही उपसाधनांची स्मृती बोलीभाषेत टिकून आहे. जादा चाकास मराठीत रूढ असलेला ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून आला. तेथे १९०४ च्या सुमारास तयार झालेले स्टेपनी चाक आऱ्यांविना असे आणि पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला पकडींनी अडकविले जाई. आऱ्या नसलेली अशी धाव जुन्या वाड्यात सापडल्यास ती मोडकी समजून टाकू नये. गाडीच्या मागील उघड्या बैठकीचे नाव ‘डिकी’ आता सामानाच्या कप्प्यास लागले आहे, तर अमेरिकी डेल्को कंपनीच्या नावावरून कारागीर प्रज्वलन-वितरकास सरसकट ‘डेल्को’ म्हणतात. जुन्या कारागिराच्या तोंडची ‘डेल्को बदलला’ ही माहिती नोंदविताना कंपनीचे नाव व भागाचे नाव यांत गल्लत होणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

उदाहरणे : महाराष्ट्रात वारंवार आढळणाऱ्या दोन गाड्यांवरून ही पद्धत स्पष्ट होईल. युद्धकाळातील जीप विलीज (एमबी) व फोर्ड (जीपीडब्ल्यू) या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यानुसार बनविली. दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या व युद्धानंतर त्यांतील अनेक भारतात विकल्या गेल्या. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. युद्धकालीन दाबीव जाळीस नऊ, तर नंतरच्या नागरी जीपच्या जाळीस सात फटी असतात. युद्धकालीन गाडीत पेट्रोल भरण्यासाठी चालकाची बैठक उचलावी लागते, नागरी गाडीत तोंड बाहेरील बाजूस असते. विलीजच्या सांगाड्याची पुढील आडवी तुळई गोल नळीची, तर फोर्डची उलट्या पन्हळीच्या आकाराची असते. फोर्डच्या बोल्टांच्या डोक्यांवर व अनेक भागांवर ‘एफ’ हे अक्षर उठविलेले असते. दुरुस्ती-तळांवर दोन्ही कंपन्यांचे भाग सर्रास मिसळले गेल्याने, विलीज सांगाड्यावर ‘एफ’ अक्षराचे काही बोल्ट आढळणे हा दोष नसून लष्करी सेवेचा पुरावा मानता येतो.

दुसरे उदाहरण फियाट ११०० चे. तिचे १,०८९ घ. सेंमी. चे एंजिन (व्यास ६८ मिमी., धाव ७५ मिमी.) आणि सुकाणूच्या दांड्यावरील गिअरची मूठ प्रदीर्घ काळ कायम राहिली. त्यामुळे केवळ एंजिनवरून वर्ष ठरत नाही. मुंबई-पुण्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९५०–६० या दशकातील गाडीची पुढील दारे मागच्या बाजूस बिजागरी असलेली होती. १९६० नंतरच्या दशकातील डिलाइट व १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी यांची पुढील दारे पुढच्या बाजूस बिजागरीची आहेत. पद्मिनीचे भाग दीर्घकाळ सहज मिळत असल्याने जुन्या गाड्यांत ते मोठ्या प्रमाणात बसविले गेले. यांत्रिक दृष्ट्या ते चालतात, परंतु दिवे, मापकफलक व बोधचिन्हे यांबाबत ते गाडीचे वय लपवितात.

कायदेशीर बाजू : २०२१ च्या नियमांनुसार सांगाडा, साटा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेले वाहन व्हिंटेज नोंदणीस पात्र ठरत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रु. व पुनर्नोंदणीचे ५,००० रु. ठरविण्यात आले. नोंदणीचिन्हात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षे असून असे वाहन नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यापारासाठी रस्त्यावर आणता येत नाही. गाडी घेण्यापूर्वीच क्रमांकांची ओळख पटविणे यामुळे हिताचे ठरते. एंजिन बदललेले असून त्याची नोंद पुस्तकात नसल्यास तो दोष नव्या मालकाच्या माथी येतो.

पुणे परिसर व कार्यपद्धती : पुण्यात जुन्या गाड्यांच्या भागांसाठी नाना पेठेतील दुकाने व मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही परिचित ठिकाणे आहेत. मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे मात्र याच विषयाचे दुसरे टोक पाहावयास मिळते. पूर्वी शेतीप्रधान असलेल्या या गावी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले. तेथील टाटा टेक्नॉलॉजीज व केपीआयटी यांसारख्या कंपन्या मोटारउद्योगासाठी अभियांत्रिकी सेवा व संगणकीय आज्ञावली पुरवितात. आजच्या गाडीच्या प्रत्येक स्क्रूचा क्रमांक, आराखडा व त्यातील बदलांचा इतिहास संगणकात साठविलेला असतो. जुन्या गाडीची अशी नोंद छापील भाग-सूचीत, दुरुस्ती-पुस्तिकेत व वृद्ध कारागिरांच्या स्मरणात विखुरलेली असते. भागांची ओळख पटविणे म्हणजे ही विखुरलेली नोंद एकत्र आणणे होय.

हिंजवडीसारख्या नव्या वसाहतीत राहणाऱ्या संग्राहकास गाडी उकलून ठेवण्यास स्वतंत्र जागा क्वचितच मिळते. गाडी एका ठिकाणी, एंजिन दुसऱ्या कारखान्यात व दिवे मुलामा देणाऱ्याकडे अशी तिची विभागणी होते. अशा वेळी पुढील क्रम पाळणे इष्ट ठरते : (१) गाडी जशी आली तशीच चारही बाजूंनी, खालून व आतून छायाचित्रित करणे, (२) सर्व क्रमांकांचे पेन्सिल-ठसे घेणे, (३) प्रत्येक भागास तारेने धातूचा बिल्ला बांधून त्याची जागा, खुणा, मापे व स्थिती वहीत लिहिणे, (४) बैठकांखालील व दारांच्या पोकळीतील सर्व तुकडे वेगळे जपणे, (५) भाग-सूचीशी ताडून ‘मूळ’, ‘त्याच काळातील बदली’, ‘नंतरची बदली’ व ‘अनिश्चित’ असे चार वर्ग करणे. सह्याद्रीच्या पायथ्याकडील या भागात पावसाळी हवा दमट असल्याने उघडे पोलादी भाग लगेच गंजतात. म्हणून नोंद होताच त्यांवर तेलाचा पातळ थर द्यावा, मात्र रंग देऊ नये.

बदली भागांचे मूल्य : मूळ नसलेला प्रत्येक भाग काढून टाकण्याजोगा असतो असे नाही. आयातीवरील निर्बंधांच्या काळात परदेशी भाग मिळत नसत, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कारखान्यांतील लोहारांनी व कातारींनी हाताने भाग घडवून या गाड्या चालत्या ठेवल्या. बिडाच्या ठोकळ्यावरील पितळी ठिगळ, ट्रकच्या पट्ट्यांतून कापून काढलेली कमान किंवा सागवानातून पुन्हा कोरलेली साट्याची चौकट हा गाडीच्या भारतातील आयुष्याचा पुरावा असतो व त्याला स्वतःचे ऐतिहासिक मूल्य असते. असा भाग सुरक्षिततेच्या कारणास्तव बदलावा लागल्यास तो बिल्ला बांधून गाडीच्या कागदपत्रांबरोबर जतन करतात. ब्रेक, सुकाणू व टायर यांबाबत मात्र मूळपणापेक्षा सुरक्षिततेस प्राधान्य दिले जाते. ओळख पटलेला भाग केव्हाही पुन्हा बसविता येतो, पण नोंद न करता टाकलेल्या भागाबरोबर त्याचा पुरावाही कायमचा नाहीसा होतो.